लिनक्स शिकणाऱ्यानें विचारावें कोणास?

ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें ‘विंडोज १०’ या प्रणालीचा नेहमीचा आधार थांबविला. ज्यांच्या घरीं सातआठ वर्षांपूर्वीं घेतलेला संगणक आहे, अशा कुटुंबांपुढें तेव्हांपासून एक नवाच प्रश्न उभा राहिला आहे. पुढची ‘विंडोज ११’ घालावी तर तिला यंत्रांत सुरक्षेची एक विशिष्ट सोय व बरीच नवी घडण लागते, आणि ती जुन्या यंत्रांत बहुधा नसते. यंत्र तर धडधाकट. कळफलक चालतो, पडदा उजळतो. केवळ आंतील प्रणाली जुनी झाली म्हणून तें मोडींत काढावें, हें मध्यम स्थितींतील पालकांस पटत नाहीं, आणि पटूंही नये. अशा वेळीं घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी म्हणते, “बाबा, आपण लिनक्स घालूं.” उबुंटु, मिंट, डेबियन, फेडोरा अशीं त्याचीं नाना रूपें आहेत, त्यांस दाम पडत नाहीं, आणि त्यांपैकीं कांहीं हलकीं रूपें जुन्या यंत्रावरही बऱ्यापैकीं चालतात. एक पेनड्राइव्ह व एक मोकळी दुपार एवढ्या भांडवलावर तें काम होतेंही.

अडचण येते ती दुसऱ्या दिवशीं. छपाईयंत्र छापीत नाहीं, मराठी अक्षर उमटत नाहीं, आणि विचारावें कोणास तें समजत नाहीं. या लेखाचा विषय एवढाच आहे. तो लहान दिसतो. परंतु शिकण्याच्या मार्गावर जे उमेदवार अर्ध्यांतून परततात, ते बुद्धि कमी पडली म्हणून नव्हे तर वेळेवर उत्तर मिळालें नाहीं म्हणून परततात, असें माझें मत आहे, व तें येथें मांडावयाचें आहे.

प्रथम एक गोष्ट पालकांनीं लक्षांत घ्यावी. विंडोज शिकतांना आपण जी मदत घेत होतों ती आपल्यास मदत म्हणून दिसतच नव्हती. महाराष्ट्रांत २००१ सालीं ‘एम. एस. सी. आय. टी.’चा अभ्यासक्रम सुरू झाला, आणि गांवोगांवच्या केंद्रांतून असंख्य लोक विंडोज व तिच्या सोबतचीं कचेरीचीं साधनें वापरावयास शिकले. त्यामुळें शेजारचे काका, बहिणीची मैत्रीण, कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला, यांपैकीं कोणीतरी एक जण नेहमीं हाताशीं असे. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या डोक्यांतलें हें ज्ञान म्हणजे भिंती नसलेलें एक वाचनालयच होतें. लिनक्सकडे वळणारा विद्यार्थी या वाचनालयाचा सभासद राहात नाहीं. त्याचें खरें नुकसान हेंच. तो काळा पडदा व त्यावर लुकलुकणारी रेघ, ज्यांस सारे भितात, त्यांची संवय आठवड्याभरांत होते.

परंतु ही स्थिति नवी नाहीं. लिनक्सचा जन्मच मुळीं अशा एका विचारणेंतून झाला आहे. फिनलंड देशांतील हेलसिंकी विद्यापीठांत शिकणारा लिनस टोरवाल्ड्स नांवाचा तरुण १९९१ सालीं स्वतःच्या यंत्रासाठीं एक प्रणाली रचीत होता. त्या सालच्या जुलैच्या आरंभीं त्यानें संगणकाच्या जाळ्यावरील एका सार्वजनिक चर्चागटांत विचारलें कीं, युनिक्स-जातीच्या प्रणालींस लागू असलेल्या ‘पॉझिक्स’ नियमांची प्रत कोठें मिळेल? तो नियमग्रंथ फुकट मिळण्यासारखा नव्हता. मग त्यानें काय केलें? विद्यापीठांतील सन कंपनीच्या यंत्रांच्या माहितीपुस्तिका उघडल्या आणि त्यांवरून काम भागविलें. त्यापूर्वीं प्राध्यापक टॅननबॉम यांचा प्रणालिरचनेवरील ग्रंथ त्यानें वाचलेला होता. ता. २५ ऑगस्टला त्यानें आपण असें असें करीत आहों, कोणास काय हवें तें सांगा, म्हणून जाहीर केलें, तेव्हां त्याचें वय एकवीस वर्षांचें होतें. आज हातांतील अँड्रॉइड दूरध्वनींपासून जगांतील मोठ्यांतल्या मोठ्या गणनयंत्रांपर्यंत जें लिनक्स चालतें, त्याच्या मुळाशीं एका विद्यार्थ्याचा ‘कागद कोठें मिळेल?’ हा साधा प्रश्न आहे. त्यानें प्रश्न विचारला, उत्तर पुरतें आलें नाहीं, तेव्हां जवळ होती ती पुस्तिका वाचली. या दोन्ही गोष्टी त्याला करतां येत होत्या, हें विशेष आहे. आपल्या मुलांस बहुधा त्यांपैकीं एकही कोणी शिकवीत नाहीं.

पुस्तिकेचें आधीं पाहूं. लिनक्स घातलेल्या बहुतेक यंत्रांत पुस्तिका आंतच असते. ती विकत आणावी लागत नाहीं, आणि ती वाचण्यास इंटरनेटही लागत नाहीं. ‘मॅन’ ही आज्ञा द्यावी, तिच्यापुढें ज्या आज्ञेविषयीं जाणावयाचें तिचें नांव लिहावें, कीं तिचें पान उघडतें. (आज्ञा अर्थात् इंग्रजी अक्षरांत लिहावयाच्या, येथें त्या आपल्या लिपींत दिल्या आहेत.) ही प्रथा युनिक्सपासून आलेली आहे. केन थॉमसन व डेनिस रिची यांनीं तयार केलेल्या युनिक्स पुस्तिकेच्या पहिल्या आवृत्तीवर ता. ३ नोव्हेंबर १९७१ हा दिनांक आहे. तिच्या पानांची ठेवण पाहावी: आधीं आज्ञेचें नांव, मग ती कशी लिहावी याचें संक्षिप्त रूप, मग वर्णन, मग संबंधित पानें कोणतीं तें, आणि त्यांतच ‘दोष’ असें एक स्वतंत्र कलम! करणाऱ्यानेंच आपल्या कृतीचे ज्ञात दोष छापावे, ही सचोटी मला फार मोलाची वाटते. आपल्या घरीं येणाऱ्या किती वस्तूंच्या माहितीपत्रकांत असें कलम असतें?

हें पान वाचण्याची एक रीत आहे, आणि ती कोणीं न सांगितल्यामुळेंच नवशिके घाबरतात. संक्षिप्त रूपांत चौकोनी कंसांत जें असतें तें ऐच्छिक. उभ्या रेघेनें विभागलेल्या दोहोंपैकीं एक घ्यावयाचें. तीन टिंबें आलीं कीं तो भाग पुन्हां पुन्हां लिहितां येतो. तिरपी रेघ टंकून पुढें शब्द लिहिला कीं पानांत तो शोधला जातो. ‘क्यू’ दाबला कीं बाहेर येतां येतें. हें न कळल्यामुळें यंत्रच बंद करणारे पुष्कळ असतात. कांहीं आज्ञा मात्र स्वतंत्र नसून आज्ञापालक कार्यक्रमाच्या पोटांतल्याच असतात. संचिका बदलण्याची ‘सीडी’ आज्ञा त्यांतलीच. तिचें पान कित्येक यंत्रांवर ‘मॅन’ला सांपडत नाहीं, तेथें ‘हेल्प’ ही आज्ञा वापरावी. आणि ज्यास कांहींच सुचत नाहीं त्यानें ‘मॅन मॅन’ असें लिहावें, म्हणजे पुस्तिका स्वतःविषयींच सांगूं लागते.

येथें कोणी चतुर विद्यार्थी विचारील कीं, आज्ञेचें नांवच ठाऊक नसेल तर तिचें पान उघडावें कसें? शंका अगदीं रास्त आहे. तिचें उत्तर आपल्या मराठी कोशांच्या इतिहासांत मिळतें. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं प्रसिद्ध झाला व त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति १८५७ सालीं निघाली. ज्याच्यापाशीं मराठी शब्द आहे आणि अर्थ हवा आहे, त्याला तो कोश. परंतु ज्याच्यापाशीं अर्थ आहे आणि मराठी शब्द हवा आहे, त्यानें काय करावें? त्यासाठीं मोल्सवर्थ यांनीं आरंभिलेला व कँडीसाहेबांनीं पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं आला. लिनक्समध्यें ‘मॅन’ हा मोल्सवर्थ, तर ‘ॲप्रोपॉस’ ही आज्ञा कँडी होय. ‘ॲप्रोपॉस’पुढें ‘कॉपी’ असा इंग्रजी शब्द लिहिला कीं नकल करण्याशीं संबंध असलेल्या आज्ञांची यादी एकेका ओळीच्या अर्थासह समोर येते; तींतून आपली निवडावी व मग ‘मॅन’कडे जावें. शब्दाकडून अर्थाकडे व अर्थाकडून शब्दाकडे असे दोन्ही रस्ते मोकळे असल्यावांचून कोणतीही भाषा शिकतां येत नाहीं, आणि आज्ञांची ही भाषाही त्याला अपवाद नाहीं.

इतकें सांगून झाल्यावर पुस्तिकेची कड घेऊन मी नवशिक्यांस दटावीन अशी अपेक्षा असल्यास ती पुरी होणार नाहीं. पुस्तिका जाणत्यांनीं जाणत्यांसाठीं लिहिल्या आहेत. त्या शब्दकोशासारख्या आहेत, पहिल्या पुस्तकासारख्या नाहींत. आणि केवळ कोश हातांत देऊन कोणास मराठी बोलावयास आलें आहे काय? लिनक्सच्या जुन्या मंडळींत मात्र एक वाईट खोड फार दिवस चालत आली: नवख्यानें कांहीं विचारलें कीं ‘पुस्तिका वाच’ असें, आणि तेंही शिवीची जोड देऊन, सांगावयाचें. एरिक रेमंड व रिक मोएन यांनीं २००१ सालीं प्रश्न कसे विचारावे यावर एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. तो अद्याप वाचला जातो. त्यांतील उपदेश बहुतेक बरोबर आहे. सूर मात्र दाराशीं उभ्या असलेल्या पहारेकऱ्याचा आहे. चौदा वर्षांच्या मुलानें उंबऱ्यावरूनच परत जावें असा त्याचा परिणाम होऊं शकतो. पहिल्या पुस्तकाची जागा भरून काढणारे ग्रंथही आहेत. विल्यम शॉट्स यांचें ‘द लिनक्स कमांड लाइन’ हें पुस्तक लेखकानें विनामूल्य वाचावयास ठेवलें आहे, आणि त्यांत लेखक वाचकाचा हात धरून चालतो. इंग्रजी सातवी-आठवीपर्यंत नीट झालेल्या मुलास तें कोशाच्या मदतीनें वाचतां येईल.

आतां विचारण्याविषयीं. “माझा संगणक चालत नाहीं, काय करूं?” या प्रश्नाचें उत्तर कोणीही देऊं शकणार नाहीं, वैद्याकडे जाऊन “मला बरें वाटत नाहीं” एवढेंच म्हणून गप्प बसण्यासारखें तें आहे. लिनक्सचें कोणतें रूप व कितवी आवृत्ति आहे. आपण नेमकें काय करीत होतों. काय व्हावें अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षांत काय झालें. पडद्यावर आलेला संदेश शब्दशः कोणता. आणि आपण तोंवर काय काय करून पाहिलें, इतकें सांगितलें म्हणजे तो प्रश्न होतो. गंमत अशी कीं, इतकें नीट लिहावयास बसलें असतां निम्म्या वेळां उत्तर लिहितां लिहितांच सांपडतें. शाळेंत आपण मुलांस निबंध लिहावयास लावतों, पत्र लिहावयास लावतों. अडचणीचें टिपण लिहावयास मात्र लावीत नाहीं. मराठीच्या तासाला वर्षांतून दोन वेळां तरी तें करून घेतलें तर भाषेचें कांहीं बिघडणार नाहीं.

अलीकडे प्रश्नास मराठींतूनही उत्तर देणारे यांत्रिक संवादक निघाले आहेत. मुलें त्यांस विचारतात आणि मिळालेली आज्ञा तशीच्या तशी आपल्या यंत्रावर चालवितात. विचारावयास माझी हरकत नाहीं. भरदुपारीं न कंटाळणारा, न हिणवणारा शिक्षक कोणास नको असेल? परंतु हे संवादक कधीं कधीं अस्तित्वांत नसलेले पर्यायही ठाम स्वरांत सांगतात, आणि पुसून टाकण्याची ‘आर-एम’ ही आज्ञा पुसलेलें कचराटोपलींत ठेवीत नाहीं. गेलें तें गेलें. यास्तव मिळालेल्या आज्ञेंतील प्रत्येक अक्षर ‘मॅन’च्या पानावर ताडून पाहावें आणि मगच एंटर दाबावें. घरांत आईबाबांचीं कागदपत्रें, दहावीचें गुणपत्रक, बहिणीच्या लग्नाचीं छायाचित्रें त्याच यंत्रांत असतात. या ताडून पाहण्यास दोन मिनिटें लागतात, आणि संवादकाचा खरा उपयोग तेथेंच आहे: त्यानें आज्ञेचें नांव सुचवावें, पुस्तिकेनें साक्ष द्यावी.

मराठींत काय आहे, असें आतां विचाराल. अगदींच कांहीं नाहीं असें नव्हे. मुंबईच्या आय. आय. टी. नें ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या नांवानें सुमारें दहादहा मिनिटांचे बोलके पाठ केले आहेत. त्यांत लिनक्सची माला आहे, आणि त्यांपैकीं पुष्कळ पाठांस मराठी आवाज दिलेला आहे. पडद्याच्या अर्ध्या भागांत पाठ चालू ठेवावा व उरलेल्या अर्ध्यांत स्वतः तेंच करून पाहावें, अशी त्यांची रीत आहे. ज्यास शिकवावयास कोणी नाहीं, त्यानें प्रथम तेथें जावें असें मी निःशंकपणें सांगेन. शिवाय ‘जीनोम’ व ‘केडीई’ या पडद्यावरील मांडणींतील पुष्कळसा मजकूर मराठींत आलेला आहे. स्वयंसेवकांनीं व पुण्यांतील रेड हॅट कंपनीच्या भाषांतरकारांनीं त्यासाठीं पुष्कळ कष्ट घेतले.

पण इथेंच एक विचित्र पेंच पडतो. पडदा मराठी केला कीं चूक झाल्याचा संदेशही मराठींत येतो, आणि तो मराठी संदेश शोधूं गेल्यास इंटरनेटवर बहुधा कांहींच हातीं लागत नाहीं, कारण उत्तरें सारीं इंग्रजी संदेशाखालीं लिहिलेलीं असतात. म्हणजे ज्यानें मातृभाषेचा आदर केला त्याचीच वाट बंद! यावर एक उपाय आहे. आज्ञेच्या आधीं ‘एलसी’ व ‘ऑल’ हीं अक्षरें मोठ्या लिपींत, मध्यें खालची रेघ देऊन लिहावीं, पुढें बरोबरचें चिन्ह व मोठा ‘सी’ लिहावा, आणि जागा सोडून मग आज्ञा द्यावी. तेवढ्यापुरता संदेश इंग्रजींत येतो. इतकी साधी युक्ति मराठी पडदा वापरणारासाठीं मराठींत लिहिलेली माझ्या तरी पाहण्यांत आलेली नाहीं.

आणि मुख्य मुद्दा याहूनही पुढचा आहे. कांहीं प्रश्न असे आहेत कीं ते फक्त आपल्यालाच पडतात. युनिकोडची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली व तींत देवनागरी होती. तरीही पुढें कित्येक वर्षें आपल्याकडील छापखाने, संस्था व कचेऱ्या जुन्या टंकांतच मजकूर बनवीत राहिल्या. त्या टंकांत ‘क’चें चित्र एखाद्या इंग्रजी अक्षराच्या जागीं बसविलेलें असे. असा मजकूर, समजा आजोबांच्या कवितांची संचिका, नव्या लिनक्सवर उघडली कीं त्यांत इंग्रजी अक्षरांचा नुसता बाजार भरलेला दिसतो. मूल घाबरतें, वडील म्हणतात, “पाहिलेंस? तुझ्या लिनक्सनें सारें खराब केलें.” वस्तुतः कांहींच खराब झालेलें नसतें, तो जुना टंक घातला किंवा मजकूर युनिकोडमध्यें बदलून घेतला कीं कविता जागच्या जागीं असतात. तसेंच मराठी टंकलेखनाचें. भारत सरकारनें १९८६ सालीं ठरविलेला ‘इनस्क्रिप्ट’ कळफलक लिनक्समध्यें आधींपासून असतो, पण तो जागा करावा लागतो. ‘आयबस’ नांवाच्या साधनांतून तो निवडतां येतो. हेलसिंकीच्या किंवा कॅलिफोर्नियाच्या लेखकानें आजोबांच्या कवितांची काळजी कां वाहावी? तें आपणच लिहिलें पाहिजे. दुसरें कोणी लिहिणार नाहीं.

“मुलांस शेवटीं इंग्रजीच लागणार, मग मराठींत कशास?” असें कांहीं पालक म्हणतात. त्यांस मी केरळाकडे पाहावयास सांगतों. तेथें सरकारी शाळांतून मुक्त प्रणालीवर संगणक शिकवितात व त्याचीं पाठ्यपुस्तकें मल्याळम् भाषेंतही आहेत. म्हणून तेथील मुलांचें इंग्रजी बुडालें असें ऐकिवांत नाहीं. आपल्या नाशकांतच १९८९ सालीं स्थापन झालेलें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. वर्गांत न येणाऱ्या विद्यार्थ्यानें घरीं बसून मराठी पुस्तकावरून शिकावें, या विश्वासावर तें उभें आहे. सार्वजनिक वाचनालय तर १८४० पासून या शहरांत आहे. वाचून शिकण्याची परंपरा जिथें इतकी जुनी, तिथें लिनक्सपुरताच ‘क्लास लावल्याशिवाय येणार नाहीं’ हा समज कां असावा, हें मला उमगत नाहीं.

यासाठीं माझी सूचना अगदीं अल्पखर्चाची आहे. आपल्या संगणकाच्या प्रयोगशाळेंत एक जाड वही ठेवावी. ज्यास अडचण येईल त्यानें तींत दिनांक घालून ती मराठींत लिहावी. इंग्रजी संदेश मात्र जसाच्या तसा उतरावा. ज्यास उत्तर सांपडेल, मग तो पांचवींतला असो कीं शिक्षक असो, त्यानें खालीं तें लिहावें, आणि उत्तर कोठून मिळालें तेंही लिहावें: ‘मॅन’चें पान, एखादा पाठ, कीं कोणी जाणता. उपाय फसला तर तोही खोडूं नये. थॉमसन-रिचींच्या त्या ‘दोष’ कलमाप्रमाणें तो राहूं द्यावा. वर्षाअखेर त्यांतील निवडक वीसपंचवीस नोंदी याच अंकांत छापाव्या, म्हणजे त्या घरोघरीं जातील व पालकही वाचतील. वहीच्या पहिल्या पानासाठीं दोन नोंदी वर आलेल्याच आहेत: मराठी पडद्यावरील संदेश इंग्रजींत कसा आणावा, आणि आजोबांच्या कविता कशा वाचाव्या. तिसरी, छपाईयंत्राची, कोणीतरी लिहावी. ती अडचण यंत्रायंत्राला वेगळी असते, म्हणून तिच्यासाठीं पानें जरा अधिक सोडावीं.